काजळीच्या कागदावरची छोटी टेकडी

औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असताना मी जवळजवळ एक संपूर्ण पावसाळा बोकडाच्या श्वासनलिकेबरोबर काढला. सकाळी सात वाजता खाटकाकडून बर्फात ठेवलेल्या डब्यातून श्वासनलिका आणायची, क्रेब्जच्या, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखे क्षार असलेल्या, द्रावणात ती धुवायची, तिच्या कड्या एकेक करून कापायच्या आणि पाच-सहा कड्या दोऱ्याने एकमेकींना बांधून ती साखळी ३७ अंश तापमानाच्या काचेच्या पात्रात टांगायची, असा रोजचा क्रम होता. पात्रात खालून हवेचे बुडबुडे येत असत, साखळीचा वरचा दोरा तरफेला बांधलेला असे आणि तरफेची लेखणी फिरत्या ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ ओढत असे. पात्रात हिस्टामिनचे थेंब पडले, की कड्यांमधला स्नायू आकसे, लेखणी वर चढे आणि कागदावर एक टेकडी उमटे. दिवसाच्या शेवटी तो कागद राळेच्या द्रावणात बुडवून वाळवला, की काजळी पक्की होई आणि कागद वहीत चिकटवता येई.

एके दिवशी मार्गदर्शक मॅडमनी मला कॅल्शिअमविरहित क्रेब्ज बनवायला सांगितले. त्यात कॅल्शिअम क्लोराइड घातलेले नव्हतेच, शिवाय उरलेसुरले कॅल्शिअम पकडून ठेवणारे ईजीटीए मिसळलेले होते. या द्रावणात मी आधी पोटॅशिअम क्लोराइड घातले. एरवी त्याने उंच टेकडी येत असे. त्या दिवशी रेघ हलली नाही, आणि ते अपेक्षितच होते, कारण पोटॅशिअममुळे पेशीपटलावरची जी दारे उघडतात त्यांतून आत यायला बाहेर कॅल्शिअमच नव्हते. मग पात्र धुऊन मी हिस्टामिन घातले आणि लेखणी वर चढली. टेकडी लहान होती आणि औषध पात्रात असतानाच ती दोन-तीन मिनिटांत आपोआप उतरली. पण ती होती, यात शंका नव्हती. पुन्हा धुऊन पुन्हा हिस्टामिन घातले, तर रेघ सपाट आली. त्यानंतर नेहमीचे, कॅल्शिअमयुक्त क्रेब्ज घालून अर्धा तास थांबलो, परत कॅल्शिअमविरहित द्रावणावर आलो आणि हिस्टामिन दिले, तेव्हा तीच छोटी टेकडी पुन्हा उमटली.

मॅडम कागदाकडे बघून एवढेच म्हणाल्या, "पाण्यात कॅल्शिअम नाही आणि स्नायू कॅल्शिअमशिवाय आकसत नाही. मग ते आले कोठून, हे आधी वहीत लिहा, पुढचा प्रयोग नंतर." मी त्या दिवशी "पेशीच्या आतल्या साठ्यातून" असे पुस्तकातले एक वाक्य लिहून मोकळा झालो. त्या वाक्याच्या पोटात किती गोष्टी आहेत हे समजायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि त्याच येथे नीट मांडाव्यात असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

सुरुवात कॅल्शिअमच्या असण्यापेक्षा त्याच्या नसण्यापासून करायला हवी. आपल्या पेशींच्या बाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शिअम दर लिटरमागे १ मिलिमोलहून थोडे अधिक असते, तर विश्रांत पेशीच्या आतल्या द्रव्यात ते १०० नॅनोमोलच्या आसपास, म्हणजे सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीपटलावरचे पंप कॅल्शिअम सतत बाहेर फेकत असतात आणि आतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीत पसरलेल्या पोकळ नळ्या-पिशव्यांच्या जाळ्याच्या, पटलावरचे पंप ते त्या जालिकेच्या पोकळीत भरत असतात. जालिकेवरचा पंप दोन कॅल्शिअम आयन आत ढकलण्यासाठी एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचा एक रेणू खर्च करतो. पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शिअमला फॉस्फेटबरोबर साका बनून बसण्याची खोड आहे, त्यामुळे कॅल्शिअमला दूर ठेवणे ही पेशीची फार जुनी गरज असावी. परंतु या दूर ठेवण्यातूनच एक मोठी सोय झाली. पेशीत सोडिअम मुळातच काही मिलिमोल असते, त्यात थोडी भर पडली तर कोणाला कळणारही नाही. कॅल्शिअम मात्र इतके कमी असते, की मूठभर आयन सुटले तरी त्याची तीव्रता पाच-दहा पट होते आणि कॅल्शिअम ओळखणारी सर्व प्रथिने एकाच वेळी जागी होतात. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत कॅल्शिअमच्या वाढीवर पाने भरलेली असतात आणि ही शांतता एका ओळीत उरकली जाते, याची मला नेहमी हळहळ वाटते, कारण ती शांतता राखली नसती तर संदेश ऐकूच आला नसता.

कॅल्शिअमचे महत्त्व प्रथम दिसले तेही काहीसे माझ्या प्रयोगासारख्याच मांडणीत. १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांनी दाखवले, की नळाच्या पाण्यात बनवलेल्या क्षारद्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहते, पण तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात बनवले तर ते लवकरच थांबते. नळाच्या पाण्यात जे होते आणि शुद्ध पाण्यात नव्हते ते कॅल्शिअम होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, पेशीच्या आतल्या कोठाराची किल्ली सापडली.

या शोधाची वाट सरळ नव्हती. १९५३ मध्ये मेबेल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेऊन त्यांना ॲसिटिलकोलिन हे चेतातंतूंचे संदेशद्रव्य दिले आणि किरणोत्सारी फॉस्फरस कोठे जातो ते पाहिले. तो पेशीपटलातल्या मेदरेणूंमध्ये झपाट्याने जात होता. पुढे हे स्पष्ट झाले, की ज्या मेदात ही उलाढाल होते तो इनॉसिटॉल नावाच्या साखरेसारख्या रेणूचे डोके असलेला, पटलात अल्प प्रमाणात आढळणारा मेद आहे. बाहेरून संदेश आला की पटलातला एक मेद तुटतो आणि परत बांधला जातो, एवढे कळले; ते कशासाठी, हे मात्र वीस वर्षे कोणालाच सांगता आले नाही. १९७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मिशेल यांनी विखुरलेली निरीक्षणे एकत्र वाचून एक धागा दाखवला: ज्या ज्या संप्रेरकांमुळे हा मेद तुटतो, त्या त्या संप्रेरकांमुळे पेशीतले कॅल्शिअमही वाढते.

त्या धाग्याचे दुसरे टोक केंब्रिजमधल्या मायकेल बेरिज यांच्या हाती होते. बेरिज यांचा जन्म १९३८ मध्ये तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत झाला आणि ते मुळात कीटकांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक होते. त्यांनी निवडलेले साहित्य मला आजही अतिशय आवडते: मांसावर बसणाऱ्या निळसर, चकाकत्या माशीच्या लाळग्रंथी. या ग्रंथी म्हणजे पेशींच्या एकाच थराच्या बारीक लांबट नळ्या असतात. त्या काढून द्रावणात ठेवल्या आणि सेरोटोनिन या संदेशद्रव्याचा अगदी अल्प अंश दिला, तरी थोड्याच वेळात नळीच्या टोकातून लाळ पाझरू लागते आणि किती लाळ आली ते मोजता येते. येथे गाळणी नाही, मेंदू नाही, रक्तप्रवाह नाही. संदेश आणि त्याचे उत्तर यांच्यामध्ये फक्त एका पेशीची जाडी आहे.

१९७९ मध्ये जॉन फेन यांच्याबरोबर बेरिज यांनी केलेला प्रयोग पाहा. ग्रंथीला दीर्घकाळ भरपूर सेरोटोनिन दिले, तर तिचा कॅल्शिअमचा प्रतिसाद मंदावतो, जणू तिची धाप लागते. मग तिला साध्या द्रावणात विश्रांती दिली तरी ती सावरत नाही. पण द्रावणात इनॉसिटॉल घातले, की तिचा मेद परत बांधला जातो आणि कॅल्शिअमचा प्रतिसादही परत येतो. मेदाची उलाढाल आणि कॅल्शिअम शेजारी शेजारी घडणाऱ्या दोन घटना नसून पहिलीवर दुसरी अवलंबून आहे, हे त्यातून दिसले. पुढे त्यांनी लिथिअमची मदत घेतली. लिथिअम हे द्विध्रुवीय मनोविकारावरचे जुने औषध आहे आणि मेदाच्या तुटण्यातून निघालेल्या इनॉसिटॉल फॉस्फेटचा शेवटचा फॉस्फेट काढणारे विकर ते रोखते, त्यामुळे एरवी क्षणात नाहीसे होणारे पदार्थ साचून मोजता येतात. असे मोजताना १९८३ मध्ये लक्षात आले, की सेरोटोनिन दिल्यावर काही सेकंदांतच, इतर सर्व पदार्थांच्या आधी वाढतो तो तीन फॉस्फेट असलेला इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, म्हणजे आयपी-३.

सगळ्यात आधी वाढतो म्हणजे तोच कारण आहे असे म्हणता येत नाही. ते सिद्ध करण्यासाठी आयपी-३ पेशीच्या आत घालून पाहणे आवश्यक होते आणि विद्युतभारित असल्यामुळे तो पेशीपटल ओलांडू शकत नाही. फ्रँकफर्टमध्ये इरेने शुल्झ यांच्या प्रयोगशाळेत हान्सपेटर श्ट्रेब यांच्याजवळ स्वादुपिंडाच्या अशा पेशी होत्या, ज्यांचे बाहेरचे पटल पाझरते केले होते पण आतली कोठारे शाबूत होती. केंब्रिजजवळच्या बाब्राहममधले रॉबिन अर्व्हिन आयपी-३ पुरवू शकत होते. पाझरत्या पेशींना एटीपी दिल्यावर त्या भोवतालच्या द्रवातले कॅल्शिअम शोषून कोठारात भरतात आणि द्रवात बुडवलेल्या, कॅल्शिअम मोजणाऱ्या इलेक्ट्रोडची रेघ खाली उतरत जाऊन एका पातळीवर स्थिर होते. त्या क्षणी आयपी-३ चा अल्प अंश टाकला आणि इलेक्ट्रोडची रेघ वर गेली. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या आणि कॅल्शिअमही साठवू शकणाऱ्या तंतुकणिकांचे काम विषारी द्रव्यांनी बंद पाडले असतानाही ती वर गेली, म्हणजे कॅल्शिअम दुसऱ्या एका कोठारातून आले होते, आणि ते कोठार म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. चौघांचा हा छोटा लेख १९८३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. माझ्या काजळीच्या कागदावरच्या छोट्या टेकडीत आणि त्या रेघेत मला सख्खे नाते दिसते.

आज हा घटनाक्रम आपण बराचसा रेणूंच्या पातळीवर सांगू शकतो. हिस्टामिन पेशीच्या बाहेरच, पटलात रोवलेल्या ग्राही प्रथिनावर बसते. ग्राहीचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूचे जी-प्रथिन जागे होते; ते फॉस्फोलिपेज-सी या विकराला कामाला लावते आणि ते विकर पटलातल्या मेदाचे दोन तुकडे करते. ज्याचे डोके दोन जास्तीच्या फॉस्फेटनी सजलेले आहे असा हा मेद पटलातल्या एकूण फॉस्फरसयुक्त मेदांपैकी जेमतेम एक टक्का असतो. त्याची मेदाची शेपटी पटलातच राहते आणि तेथून वेगळाच संदेश देते, जो जपानच्या यासुतोमी निशिझुका यांनी उलगडला. पाण्यात विरघळणारे डोके म्हणजे आयपी-३. ते पटलापासून सुटून पेशीद्रव्यात पसरते आणि आंतर्द्रव्यजालिकेवरच्या आपल्या ग्राहीवर जाऊन बसते. हा ग्राही स्वतःच एक दार आहे. त्याला दुसऱ्या कोणाला निरोप द्यावा लागत नाही, तोच उघडतो आणि पोकळीत कोंडलेले कॅल्शिअम उतारावरून पाणी यावे तसे बाहेर येते. हिस्टामिनचा एकही रेणू पेशीत शिरलेला नसतो आणि आयपी-३ ने कॅल्शिअमचा एकही आयन वाहून आणलेला नसतो. म्हणून "संदेशवाहक" या शब्दामुळे विद्यार्थ्यांच्या मनात ओझे उचलून नेणाऱ्या माणसाचे जे चित्र तयार होते ते मी वर्गात आधी पुसून टाकतो.

तो ग्राही कसा सापडला ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. चालताना अडखळणाऱ्या काही उत्परिवर्तित उंदरांच्या लहान मेंदूत एक मोठे प्रथिन अतिशय कमी असते, हे कात्सुहिको मिकोशिबा यांना माहीत होते, पण त्याचे काम माहीत नव्हते. १९८८ मध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने उंदराच्या लहान मेंदूतून आयपी-३ चा ग्राही शुद्ध केला आणि १९८९ मध्ये मिकोशिबा यांच्या गटाने आपल्या प्रथिनाचा पूर्ण अनुक्रम वाचून ते तेच असल्याचे दाखवले. सुमारे २७०० अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा चार साखळ्या मिळून एक दार. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींमध्ये हे दार ठासून भरलेले असते. माणसात या जनुकाची एक प्रत गमावली गेली, तर प्रौढपणी सुरू होऊन हळूहळू वाढणारा, चालताना तोल जाण्याचा एक आनुवंशिक विकार होतो. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गैती हसन यांनी फळमाशीतल्या याच जनुकावर दीर्घकाळ काम केले आहे. या ग्राहीत बिघाड असलेल्या माश्यांना उडता येत नाही, आणि ठरावीक चेतापेशींमध्ये धड जनुक परत दिले की त्या उडू लागतात, असे त्यांच्या गटाने दाखवले.

या दाराचा स्वभाव मोठा लक्षवेधी आहे. नुसता आयपी-३ बसून ते नीट उघडत नाही, त्याला पेशीद्रव्याच्या बाजूने थोडे कॅल्शिअमही लागते; आणि कॅल्शिअम फार वाढले की तेच कॅल्शिअम त्याला बंद करते. त्यामुळे एक दार उघडले की त्यातून आलेले कॅल्शिअम शेजारच्या दाराला उघडते, ते पुढच्याला, आणि वाळल्या कुरणात वणवा सरकावा तशी एक लाट पेशीभर जाते. मागची दारे मात्र तोवर मिटलेली असतात. पंप कॅल्शिअम पुन्हा कोठारात भरतात, दारे सावरतात आणि आयपी-३ अजून शिल्लक असेल तर दुसरी लाट निघते. १९८६ मध्ये यकृताच्या एकेका पेशीत समुद्री जेलीफिशचे, कॅल्शिअम मिळाले की चमकणारे प्रथिन भरून पाहिले, तेव्हा दिसले, की संप्रेरकाची मात्रा वाढवली तर लाटांची उंची जवळजवळ तेवढीच राहते आणि त्या अधिक लवकर लवकर येऊ लागतात. पेशी निरोपाचा जोर आवाजाच्या मोठेपणात न सांगता ठोक्यांच्या घाईत सांगते.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण गर्भधारणेच्या पहिल्या तासांत दिसते. सस्तन प्राण्यांचे शुक्राणू आपल्याबरोबर फॉस्फोलिपेज-सी झीटा नावाचे विकर बीजांडात नेतात, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते विकर बीजांडात आयपी-३ बनवत राहते आणि कॅल्शिअमच्या लाटा एकामागून एक, कित्येक तास येत राहतात; त्या लाटांनीच बीजांड आपली थांबलेली विभागणी पूर्ण करते. ज्या पुरुषांच्या शुक्राणूंत हे विकर नसते किंवा सदोष असते, त्यांचा शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडूनही बीजांड जागे होत नाही, आणि अशा वेळी वंध्यत्वावरच्या प्रयोगशाळेत कॅल्शिअम आत जाऊ देणारे द्रव्य वापरून बीजांडाला कृत्रिमरीत्या जागे केले जाते.

आणि एक उदाहरण थेट आपल्या ताटातले. कारल्याचा कडूपणा जिभेवरच्या स्वादपेशींच्या कडू ग्राहींना कळतो, तेथून फॉस्फोलिपेज-सी, आयपी-३ आणि त्याच्या तिसऱ्या प्रकारच्या ग्राहीमार्गे कोठारातले कॅल्शिअम सुटते आणि मग पेशी चेतातंतूला खबर देते. गोडाची पेशी वेगळी आणि तिचा बाहेरचा ग्राही वेगळा, पण आतली यंत्रणा हीच. पाडव्याला कडुलिंबाची पाने आणि गूळ एकत्र चावताना शेजारशेजारच्या दोन पेशींमध्ये एकाच प्रकारचे दार उघडत असते. कडू आणि गोड हा भेद फक्त ती खबर कोणत्या पेशीतून निघाली यावर ठरतो. मुलांना हे सांगितले की ती क्षणभर चावायची थांबतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

आयपी-३ हा अशा कामाचा एकमेव रेणू नाही. हृदयाच्या आणि कंकालस्नायूंच्या कोठारांवर रायनोडिन ग्राही नावाचे आणखी मोठे दार असते, आणि समुद्री साळूच्या अंड्यांवर काम करताना हॉन चेउंग ली यांना चक्रीय एडीपी-रायबोज आणि एनएएडीपी असे आणखी दोन रेणू सापडले, ज्यांतला दुसरा वेगळ्याच, आम्लयुक्त कोठारांतून कॅल्शिअम सोडतो. त्यांची गोष्ट स्वतंत्रपणे लिहावी इतकी मोठी आहे.

माझ्या वहीतल्या कागदाचा हिशेब मात्र अजून पुरा व्हायचा आहे. पहिली छोटी टेकडी आयपी-३ ने सोडलेल्या कॅल्शिअमची. पण ते सुटलेले कॅल्शिअम पंपांनी परत कोठारात भरले असेल, तर दुसऱ्या वेळी रेघ सपाट का आली? कारण सुटलेल्या कॅल्शिअमपैकी बराच वाटा पेशीपटलावरचे पंप बाहेर फेकतात, आणि माझ्या पात्रात बाहेर पडलेले कॅल्शिअम ईजीटीएने तेथेच धरून ठेवले होते. कोठार भरायला बाहेरचे कॅल्शिअम लागतेच. कोठार रिकामे झाले हे पेशीच्या पृष्ठभागाला कळते आणि तेथली दारे त्यासाठीच उघडतात, अशी कल्पना जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडली. ते कसे कळते हे समजायला जवळजवळ वीस वर्षे गेली. २००५ मध्ये स्टिम नावाचे प्रथिन सापडले, ज्याचा एक हात आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत कॅल्शिअम धरून बसलेला असतो. पोकळी रिती झाली, की तो हात मोकळा पडतो, स्टिमचे रेणू एकत्र येतात, जालिका जेथे पेशीपटलाला अगदी टेकलेली असते तेथे जमतात आणि पटलावरचे ओराय नावाचे दार उघडतात. २००६ मध्ये हे दार सापडले ते ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मतःच कोलमडलेली होती अशा रुग्णांच्या जनुकांमधून, कारण त्यांच्या लसिकापेशींना कोठार परत भरताच येत नव्हते. स्वर्गाचे दार राखणाऱ्या ग्रीक देवतांवरून त्याला हे नाव दिले गेले.

श्वासनलिकेच्या स्नायूत कॅल्शिअम इतर वाटांनीही आत येते, त्यामुळे सगळे श्रेय या एका जोडीला देणे बरोबर होणार नाही. तरीही तो कागद काढून बघतो तेव्हा माझी नजर दोन छोट्या टेकड्यांच्या मधल्या जागेवर थांबते. नेहमीचे क्रेब्ज घालून वाट पाहिली तो अर्धा तास ड्रम बंद होता, म्हणून तेथे बोटभर काळी पट्टी आहे आणि तिच्याखाली माझ्या तेव्हाच्या अक्षरात "प्रतीक्षा, ३० मिनिटे" एवढेच लिहिलेले आहे. त्या वेळी मी खाली चहा प्यायला गेलो होतो आणि वर पात्रात पाच कड्यांमधल्या असंख्य पेशी आपापली कोठारे भरून घेत होत्या.